लेखनिकाची भर

पेन खाली ठेव, शिवांजली. इतक्यात लिहायचं नाही. आधी ऐक. मी 'आता लिही' म्हणेन, तिथून पुढे लिही.

कंदील माझ्या बाजूला सरकव. हं, असा. वळीव आला की आमच्या गावभागात वीज जातेच, तासाभरात येईल. साडेसातच तर वाजलेत. आईला सांगून आलीस ना? बरं केलंस. काम फार नाही, पानभर मजकूर आहे. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, तिची प्रस्तावना उद्या पुण्याला प्रकाशकाकडे पोचायला हवी. साडेपाचशे पानांचं पुस्तक लिहिणारा माणूस पानभर प्रस्तावनेसाठी शेजारच्या मुलीला का बोलावतो, असं तुझ्या मनात आलं असणार. आणि या उकाड्यात सर कानटोपी घालून का बसलेत, हेही आलं असणार. दोन्ही गोष्टी एकाच जागी जाऊन मिळतात.

तू अंध मुलांच्या परीक्षेला लेखनिक म्हणून बसतेस, असं तुझी आई म्हणाली, म्हणून तुझी आठवण झाली. लेखनिकाचा नियम तुला पाठ असेल. समोरचा सांगेल तेवढंच लिहायचं, पदरची भर घालायची नाही. मला नेमकं तेवढंच हवंय.

पुस्तक तू वाचलं नसशील. 'ग्रंथामागचे हात' त्याचं नाव. बायबल कोणी लिहिलं, हा विषय. ज्यू लोकांचे जुने ग्रंथ, त्यांच्यामागून आलेली ख्रिस्ती शुभवर्तमानं आणि पत्रं, हे सगळं कोणत्या माणसांनी लिहिलं, कधी लिहिलं, आणि ते भलत्याच माणसांच्या नावावर कसं चढलं, याचा शोध. लोकांनी डोक्यावर घेतलं. वाईच्या भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या, सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या मधुकर शेवड्यांनी हिब्रू आणि ग्रीकपर्यंत मजल मारली म्हणून शाली मिळाल्या, नारळ मिळाले. आता मोठा पुरस्कारही जाहीर झालाय.

मला हिब्रूची मुळाक्षरंसुद्धा येत नाहीत, शिवांजली.

असं बघू नकोस. ते पुस्तक धुळा कोळेकरानं लिहिलंय. हे तुझ्या-माझ्यात. म्हणून तर पेन खाली ठेव म्हणालो.

धुळा जतकडचा. मेंढपाळाचं पोर. घरात कानडी, बाहेर मराठी. बी.ए.ला माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. नंतर कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. दुपारची पाळी करायचा आणि सकाळी जुन्या मोपेडवरून मिरजेला एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे जायचा, हिब्रू शिकायला. अकरा वर्षं. हाताला कायम मशीनच्या तेलाचा वास, आणि त्याच हातानं अक्षर काढायचा ते असं सुबक की मी एकदा म्हणालो, "धुळा, तू लेथवर लिहितोस की काय?" हसला नुसता.

त्याची लिहायची एक तऱ्हा होती. आधी ओळभर सगळी अक्षरं बोडकीच काढायचा, आणि ओळ संपली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात शिरोरेघ ओढायचा. शेजारी बसलं की ऐकू यायचं. खुर्र, खुर्र, खुर्र... आणि मग एक लांब सर्र. ओळीमागून ओळ.

बाहेर फांदी घासतेय का गं जाळीवर? असेल. पाऊस थांबला तरी वारा आहे अजून.

तर विषयाची किल्ली धुळाला कुठे सापडली, ऐक. युरोपातल्या पंडितांनी शे-दोनशे वर्षं घासून जे सिद्ध केलं, ते या पोरानं मला कॉलेजच्या पायरीवर बसून पाच मिनिटांत सांगितलं. म्हणाला, "सर, पाऊस न्हाई झाला की आमी मेंढरं घिऊन लांब जातो. वाटंत दोन कळप एकात मिसळत्यात. पर घोळ होत न्हाई. हरेकाची खूण असती कानावर. कुणाची येक खाच, कुणाचं भोक. आमची उजव्या कानाला दोन खाचा. कान बघितला की कळतंय, मेंढरू कुणाचं." आणि मग त्यानं जलप्रलयाची गोष्ट उघडली. एका ओळीत प्राण्यांची एकेक जोडी नावेत घ्यायची, दुसऱ्या ओळीत काही प्राण्यांच्या सात-सात. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस. एका ओळीत देवाचं नाव एक, दुसरीत दुसरं. "दोन कळप हाईत सर. कुणीतरी येकात हाकल्यात. आपण फकस्त कान बघायचा."

माझ्या अंगावर काटा आला होता. कौतुकानं आला होता असं मी त्याला सांगितलं.

पाचही ग्रंथ मोशेनं लिहिले असं म्हणतात ना, त्यातल्या शेवटच्यात मोशेच्याच मरणाची हकीकत आहे. वय किती होतं, नजर शेवटपर्यंत कशी शाबूत होती, कुठे मेला, मूठमाती कशी झाली. धुळाला ते फार आवडायचं. म्हणायचा, स्वतःचं मरण कुणी लिवतं का सर? तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पेन गेलंय. आणि पौलाच्या पत्रात एका जागी, पत्र उतरवून घेणारा लेखनिक मध्येच डोकं वर काढतो, स्वतःचं नाव सांगतो आणि नमस्कार कळवतो. तर्तिय त्याचं नाव. एवढ्या मोठ्या ग्रंथात लिहिणाऱ्यानं घेतलेली तेवढीच एक जागा. ते सांगताना धुळाचे डोळे भरायचे. मला वाटायचं, असल्या गोष्टीला कोणी रडतं का?

सात वह्या झाल्या. जाड, फुलस्केप. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला ब्लेडनं पाडलेल्या दोन बारीक खाचा. का रे, विचारलं तर म्हणाला, सवय हाय सर. सातही वह्या माझ्या टेबलावर ठेवून त्यानं वाकून नमस्कार केला. "तुमी प्रस्तावना लिवा. तुमचं नाव असलं की लोक हातात घेत्यात."

पहिली वही वाचून संपली तेव्हा मी रडलो. आनंदानं नव्हे. तीस वर्षं मी त्याच त्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवलं होतं, आणि ज्याला मी काठावर पास केला त्या मेंढक्यानं हे लिहिलं होतं. मला त्याचा राग आला. खरंच राग आला, जसा आपल्या ताटातलं कोणी उचलल्यावर येतो. दोन वर्षं मी त्याला "वाचतोय" म्हणून सांगितलं. त्या दोन वर्षांत मी ते सगळं टाइप करून घेतलं. पुस्तक आलं, माझ्या नावानं. प्रस्तावना कोणाचीच नव्हती.

प्रकाशनाला धुळा आला होता. शेवटच्या रांगेत. शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं, हा आता उठणार आणि बोंब मारणार. तसं काही झालं नाही. गर्दी पांगल्यावर जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, वह्या तेवढ्या द्या."

"शोधतो," मी म्हणालो.

"शोधा. म्या येतो."

आता तुला कळेल मी काय केलं ते. आमच्या मागच्या अंगणात बंब आहे, तू पाहिलायस. गॅस आला, सोलर आला, पण थंडीत मला बंबाचंच पाणी लागतं. डिसेंबरात रोज सकाळी एक वही. तीन-चार पानं फाडायची, आत सोडायची, पुन्हा तीन-चार. जाड कागद सावकाश जळतो. सातव्या सकाळी शेवटची वही हातात होती आणि मागचं दार ढकलून धुळा आत आला.

किती वेळ उभा होता, माहीत नाही. पुढे आला नाही. हातातली पानं ओढायला धावला नाही. धावला असता तर बरं झालं असतं, मी त्याला ढकललं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं. तो नुसता बंबाच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही थांबलो नाही. थांबणं म्हणजे कबूल करणं. उरलेली पानं मी त्याच्यादेखत आत सोडली.

मग तो बोलला. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"सर... यिर्मयाच्या गुंडाळीचं काय झालं हुतं, तुमच्या पुस्तकात हाय बघा. पान तीनशे बारा."

आणि गेला.

तुला ती गोष्ट माहीत नसेल. यिर्मया नावाचा संदेष्टा होता, लिहिणारा त्याचा लेखनिक, बारूख. यिर्मयानं सांगायचं, बारूखनं शाईनं उतरवायचं. ती गुंडाळी राजापुढे वाचली गेली. दिवस थंडीचे, राजा शेकोटीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूनं तेवढा तुकडा कापायचा आणि विस्तवात टाकायचा. सगळी गुंडाळी जाळली. मग यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली, पुन्हा सांगितलं, आणि बारूखनं जळालेलं सगळं पुन्हा लिहिलं. वर त्यात आणखी तसाच पुष्कळ मजकूर घातला. त्या भरीत राजाचं काय होणार तेही होतं. त्याचं प्रेत उघड्यावर पडेल, दिवसा उन्हात आणि रात्री थंडीत.

पान तीनशे बारा. मी पाहिलं. माझ्याच पुस्तकात मला पान शोधावं लागलं.

थांब. तो आवाज फांदीचा नाही... उंदीर असेल. माळ्यावर झालेत. तू घाबरू नकोस.

धुळानं काम सोडलं आणि जतच्या माळावर आईजवळ जाऊन राहिला, हे मला कुपवाडच्या एका माजी विद्यार्थ्याकडून कळलं. म्हणाला, वेडा झालाय, दिवसभर लिहीत बसतो, जेवत नाही, पाणी पीत नाही. एप्रिलात कळलं, गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मी श्रीखंड आणलं होतं.

पुढच्या वर्षी, म्हणजे यंदा मार्चमध्ये, पुरस्कार जाहीर झाला. आणि मला रात्रंदिवस एकच लागून राहिलं, की त्यानं काय लिहिलं? त्या वह्या कोणा पत्रकाराच्या हाती पडल्या तर? म्हणून एक साडी घेतली, पेढे घेतले आणि आपल्या गल्लीतला गुंडा ड्रायव्हर आहे ना, त्याची गाडी सांगितली. सांत्वनाला म्हणून निघालो. वर्षभर उशिरा.

जत मागे पडलं तेव्हा बारा वाजले होते. माळावर झाड नाही. एक पाण्याचा टँकर धुरळा उडवत गेला, मग काही नाही. गुंडानं गाडी वस्तीपाशी थांबवली आणि इंजिन बंद केलं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. चाळीसभर मेंढरं कुडाच्या सावलीला उभी होती, पण एकही ओरडत नव्हतं. सगळी घराच्या दाराकडे तोंड करून उभी होती.

बनुबाई, धुळाची आई, दारातच मेंढराची लोकर कातरत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"या सर. लय येळ लावलासा."

"मी येणार हे..."

"त्यो म्हणला हुता. सर येतील, वह्या मागतील. त्यास्नी मोकळ्या हातानं धाडू नगंस."

मी साडी पुढे केली. तिनं ती बाजूला ठेवली, मेंढराला सोडलं, कातर पदराला पुसली. मी गळा दाटून आल्यासारखा आवाज काढून चार शब्द बोललो. तिनं मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, "सर, म्या अडाणी. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर येक सांगते. पुस्तकावर त्याचं नाव घाला. येवढंच. मग त्यो गप झोपंल."

"घालतो," मी म्हणालो. "शब्द देतो. वह्या तेवढ्या..."

"सा झाल्यात. सातवी चाललीया."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. आत, अंधारातून. खुर्र, खुर्र, खुर्र... आणि एक लांब सर्र.

"आत कोण आहे?"

"तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मी आत गेलो. का गेलो, देव जाणे. बाहेरच्या उन्हातून आल्यानं आधी काही दिसेना. लोकरीचा वास, त्यात मिसळलेला मशीनच्या तेलाचा. मग दिसलं. पत्र्याच्या ट्रंकेवर सहा वह्या रचलेल्या, आणि खाली घोंगड्यावर सातवी उघडी. पेन पानावर आडवं पडलेलं. माणूस कोणी नाही. दुसरं दार नाही, खिडकी नाही. शेवटच्या ओळीची शाई ओली होती आणि चमकत होती. अक्षरं बोडकी होती, शिरोरेघ ओढायची राहिलेली. मी वाकून वाचलं.

'आणि सर आत आले.'

माझ्या डोळ्यांसमोर... ऐकतेयस ना?... माझ्या डोळ्यांसमोर त्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटत गेली. सर्र. पेन जागचं हललं नव्हतं.

सातही वह्या छातीशी धरून मी बाहेर पडलो. बनुबाईनं अडवलं नाही. फक्त मी तिच्याजवळून जाताना तिनं हात वर केला आणि माझा उजवा कान दोन बोटांत धरून, बाजारात जनावर बघतात तसा उलटा-सुलटा करून पाहिला.

"ह्यो कान रिकामा हाय अजून," ती म्हणाली.

गुंडानं गाडी अशी पळवली की कवठेमहांकाळ येईपर्यंत एकदाही ब्रेक लावला नाही. तिथे चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "सर, म्हातारी येकटीच ऱ्हाती म्हणला न्हवं तुमी? मग आतनं तुमच्या मागं दारापतुर आलं त्ये कोण?"

मी म्हणालो, कोणी नाही. पुन्हा मी त्याची गाडी सांगितली नाही.

आता तू म्हणशील, शब्द दिला होता, नाव घालायचं होतं. सोपं होतं ना? प्रकाशकाला एक फोन. पण पुरस्काराचं पत्र समोर होतं. सत्काराला वाईहून माझे भाऊ येणार होते, ज्यांनी जन्मभर मला ढ म्हटलं. मी एकाहत्तर वर्षांचा आहे शिवांजली. या वयात नाव उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालायचं, आणि मग लोकांसमोर उघडं उभं राहायचं? नाही जमत. वह्या मी न वाचता बंबात घातल्या. मार्च महिन्यात, भर उकाड्यात. सातव्या वहीतलं शेवटचं पान तेवढं जळताना उलटलं आणि दिसलं. कोरं होतं. कडेला दोन खाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला. जाग आली ती खांद्यावर काहीतरी ओलं लागलं म्हणून.

कंदील वर कर. बघ. ही टोपी काढतो. दिसल्या? मोज. दोन. अगदी सारख्या, कातरीनं घ्याव्यात तशा. डॉक्टर म्हणाले, उंदीर चावला असेल, इंजेक्शन घ्या. सांगलीच्या उंदरांना इतकं मोजूनमापून चावता येत असेल तर त्यांना लेथवरच लावायला हवं.

आणि तेव्हापासून हा उजवा हात. प्रकाशकाला पत्र लिहायला बसलो. 'स.न.वि.वि.' लिहिलं आणि पुढची अक्षरं माझी नव्हती. बोडकी, सुबक, टोकदार. हात ओळ संपेपर्यंत गेला आणि मग मागे येऊन त्यानं रेघ ओढली. मी नुसता बघत होतो. लिहिलं होतं, 'हे लिहिणारा मी धुळा, नमस्कार सांगतो.' पन्नास कागद फाडले. प्रत्येकावर तेच. दुसरं काही लिहिताच येत नाही. सहीसुद्धा नाही. डाव्या हातानं करून पाहिलं, डावाही तसाच. मोबाइलवर टाइप केलं तर तिथेही तेच उमटलं.

म्हणून तू. तुझा या सगळ्याशी संबंध नाही. तुझा हात स्वच्छ आहे.

मी खूप विचार केलाय. त्याचं नाव हवंय ना त्यांना? घालतो. प्रस्तावनेत घालतो. कुठे आणि कसं ते मी ठरवणार. पुस्तक माझं राहील, त्याचं नावही येईल, म्हातारीचा शब्दही राहील. झालं. मिटलं.

चल. आता लिही.

'या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने काही ऋणनिर्देश करणे कर्तव्य समजतो. माझे विद्यार्थी कै. धुळा कोळेकर यांनी काही किरकोळ टिपणे काढण्याच्या कामी मला साहाय्य...'

साहाय्य केले. पूर्णविराम.

झालं लिहून?

शिवांजली?

तो आवाज... तो तुझ्याकडून येतोय. कधीपासून येतोय? पेन तू कधी उचललंस? 'आता लिही' म्हणेपर्यंत मी तर खाली ठेव म्हणालो होतो. कंदील इकडे... दे, मीच घेतो. ही काय, एवढी पानं? किती पानं लिहिलीस? वरचं दाखव. पहिलं. 'पेन खाली ठेव, शिवांजली. इतक्यात लिहायचं नाही...'

सगळं आहे. पहिल्या शब्दापासून. बंब, श्रीखंड, सगळं. हे सांगायचं नव्हतं गं. हे छापायचं नाही. आणि हे अक्षर... तू अशी शिरोरेघ ओढतेस? ओळ संपल्यावर? कोणी शिकवलं तुला? पानाच्या कडेला हे काय आहे... तुझ्याकडे तर ब्लेडही नाही.

डोळे उघड. शिवांजली, डोळे उघड आणि हात थांबव.

मी बोलायचा थांबलोय ना? मग तू काय लिहितेयस?

*

आणि मधुकर शेवडे एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांना चष्मा लावून शेवटपर्यंत स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिवांजलीनं लिहिलेले कागद घेऊन घरातून निघाले. कागद जाळावेत म्हणून त्यांनी बंब पेटवला होता, पण विस्तवानं कागद घेतले नाहीत. ते एसटीनं जतला उतरले आणि माळाकडे चालत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. मेंढरं जशी पाण्याच्या वासानं जातात, तसे ते गेले. वस्ती दिसू लागली तेव्हा त्यांचे पाय थांबले. दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या वाऱ्यात ते तिथेच पडून राहिले. कागद त्यांच्या मुठीत होते आणि वाऱ्यानं त्यातला एकही उडाला नाही.

तिसऱ्या दिवशी मेंढरं वळत एक म्हातारी तिकडून आली. तोंडावरून ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोलिसपाटलानं विचारलं, कोण माणूस आहे, कोणाचा आहे? म्हातारी खाली बसली. तिनं मुठीतले कागद सोडवून पदरात घेतले, मग डोकं एका अंगाला कलतं करून उजवा कान पाहिला.

"आमचंच हाय," ती म्हणाली.

हे लिहिणारा मी धुळा, नमस्कार सांगतो.